लॉर्ड रॉबर्ट्सची पदके आणि गोंदियाचे मीठ

इंग्रजी साम्राज्याच्या तोफखान्यातून वर आलेल्या अधिकाऱ्यांत फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स याच्याइतके मानसन्मान क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असतील. 1857-58 च्या युद्धाचे पदक, त्यावर दिल्ली व लखनौच्या लढायांच्या पट्ट्या. सरहद्दीवरील अंबेला, ईशान्येकडील लुशाई टेकड्या आणि ब्रह्मदेश या मोहिमांच्या पट्ट्या असलेले दुसरे पदक. ॲबिसिनियाच्या मोहिमेचे तिसरे. चार पट्ट्यांसह अफगाणिस्तानचे चौथे. काबूल ते कंदाहार या कूचाचा तारा. दक्षिण आफ्रिकेचे पदक. आणि या सर्वांच्या आधी, सर्वांच्या वर, 1858 साली मिळवलेला व्हिक्टोरिया क्रॉस. त्याशिवाय सरदारकी, नाइटपदे आणि 1901 साली ब्रिटिश पार्लमेंटने मंजूर केलेले एक लाख पौंडांचे बक्षीस. कलकत्त्याच्या मैदानावर त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, ग्लासगो शहरातही उभा राहिला. 1914 साली तो वारला तेव्हा त्याचे दफन लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये झाले.

या माणसाचा गोंदिया जिल्ह्याशी संबंध काय, असा प्रश्न एखाद्या कार्यकर्त्याने विचारला तर तो गैर नाही. रॉबर्ट्सने या तलावांच्या मुलखात लढाई केली नाही, येथे त्याचा पुतळा नाही, येथील एकाही रस्त्याला त्याचे नाव नाही. परंतु लष्करी पदक ही वस्तू जमाखर्चाच्या वहीतील जमेच्या बाजूसारखी असते. ती पाहून खर्च कोणाच्या नावे पडला हे कळत नाही. ते कळून घ्यायचे तर वहीचे दुसरे पान उघडावे लागते; आणि त्या पानावर भंडारा-गोंदियाचा शेतकरी, विणकर व शेतमजूर यांची नावे नसली तरी त्यांनी भरलेल्या रकमा आहेत. हे दुसरे पान वाचण्याची गरज इतिहासाच्या हौसेपोटी नाही. तोफेच्या मागे राबणाऱ्या माणसाचा हिशेब अजून चुकता झालेला नाही, म्हणून ती आहे.

तोफ आणि तिच्यामागचा माणूस

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. त्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्याचाच पूर्वभाग होता. हा सर्व मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी नागपूरच्या सीताबर्डी टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी कंपनी सरकारची लढाई झाली, डिसेंबरात नागपूर पडले. पुढच्याच वर्षी गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला व तो उठाव मोडून काढण्यात आला. या काळातील लढायांसाठी कंपनी सरकारने पदक दिले ते 1851 साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. तेही त्या दिवशी हयात असलेल्यांनाच. मेलेल्याच्या वारसाला त्यावर हक्क नव्हता. सीताबर्डी राखणारे बहुसंख्य शिपाई मद्रासकडचे हिंदी होते. चौतीस वर्षांनंतर त्यांतले किती जगले असतील आणि आपल्या खेड्यातून अर्ज करण्याइतकी बातमी कितींपर्यंत पोचली असेल, याची कल्पना कोणासही करता येईल. पदकाच्या पट्ट्यांवर सीताबर्डीचे नाव आले, नागपूरचे आले. कामठ्याचे आले नाही. पराभूतांची लढाई ही लढाईच नव्हे, असा तो नियम होता.

याच 1851 सालच्या 12 डिसेंबरला एकोणीस वर्षांचा फ्रेडरिक रॉबर्ट्स कंपनीच्या बंगाल तोफखान्यात दाखल झाला. त्याचा जन्म कानपूरचा, बापही कंपनीच्याच सैन्यातला. 1857 च्या उन्हाळ्यात पंजाबात बंडखोर शिपायांना तोफेच्या तोंडी देण्याचे प्रकार झाले, ते या तरुण अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहिले होते. दिल्लीच्या वेढ्यात तो लढला. 2 जानेवारी 1858 रोजी फरुखाबादजवळ खुदागंज येथे माघार घेणाऱ्या शिपायांचा पाठलाग करताना त्याने त्यांचे निशाण हस्तगत केले, आणि संगीन रोखून उभ्या असलेल्या एका शिपायापासून आपल्या बाजूच्या एका हिंदी घोडेस्वाराचा जीव वाचवला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याबद्दल. रॉबर्ट्सचे शौर्य खरे होते. ते नाकारण्याचे कारण नाही. पण सन्मानपत्राचा मजकूर वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्याचा जीव वाचला तो त्यात केवळ ‘एक स्वार’ आहे, जो मारला गेला तो केवळ ‘एक शिपाई’ आहे. दोघेही हिंदी, दोघांनाही नाव नाही. आणि हेच शौर्य त्या स्वाराने रॉबर्ट्ससाठी दाखवले असते तर त्याला तो क्रॉस मिळाला नसता, कारण 1856 साली सुरू झालेला हा सन्मान हिंदी शिपायाला देण्याची तरतूदच नव्हती. ती झाल्याची घोषणा दिल्ली दरबारात झाली 12 डिसेंबर 1911 रोजी. रॉबर्ट्सच्या नेमणुकीला त्या दिवशी बरोबर साठ वर्षे झाली होती.

हिंदी शिपायासाठी 1837 पासून ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ नावाचा वेगळा सन्मान होता हे येथे नमूद केले पाहिजे. त्याच्या तीन श्रेणी होत्या आणि त्याबरोबर पगाराच्या एकतृतीयांश, दोनतृतीयांश किंवा पूर्ण पगाराएवढी वाढ मिळे. आर्थिक दृष्टीने हा सन्मान शिपायाला चांगलाच उपयोगी होता. तथापि, एकाच लढाईत एकाच शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी कातडीच्या रंगावरून दोन तराजू ठेवावेत, हीच या व्यवस्थेची मूळ भूमिका होती. रंगाप्रमाणे श्रमाचीही उतरंड होती. 1885 ते 1887 च्या ब्रह्मदेश मोहिमेसाठी सैनिकांना चांदीचे पदक मिळाले, तर त्यांचे पाणी वाहणारा भिस्ती, जखमींची डोली उचलणारा कहार, खेचरे हाकणारा नोकर यांना तेच पदक काशाचे मिळाले. ब्रह्मदेशाची मोहीम रॉबर्ट्स सरसेनापती असतानाची. त्याच्या छातीवर तिची चांदीची पट्टी होती.

या उतरंडीचे एक विलक्षण उदाहरण त्याच्या घोड्याचे आहे. 1877 साली मुंबईत विकत घेतलेला ‘व्होनोलेल’ हा त्याचा करडा अरबी घोडा. एका लुशाई सरदाराचे नाव त्याला दिलेले होते. काबूल ते कंदाहार या कूचात तो धन्याबरोबर होता. व्हिक्टोरिया राणीच्या संमतीने या घोड्याला अफगाण युद्धाचे पदक व कंदाहारचा तारा देण्यात आला आणि 1897 च्या राज्यारोहण महोत्सवात लंडनच्या रस्त्यांवरून तो ही पदके घालून चालला. कंदाहारचा तारा कूचातील हिंदी सैनिकांनाही मिळाला होता, हे खरे. पण ज्या काळात मुंबईच्या बाजारात घेतलेल्या घोड्याचे नाव इंग्लंडच्या घराघरांत माहीत होते, त्या काळात त्याच कूचातील सुमारे सात हजार हिंदी सैनिक आणि सुमारे आठ हजार नोकरचाकर यांच्यापैकी एकाचेही नाव तेथे कोणास माहीत नव्हते. 9 ऑगस्ट 1880 ला काबूल सोडून 31 ऑगस्टला कंदाहार गाठणारे, तीनशेहून अधिक मैलांचे ते कूच केवळ सेनापतीच्या बुद्धीने झाले नव्हते. ते माणसांच्या पाठीवरून आणि खेचरांच्या पाठीवरून झाले होते.

खर्चाची बाजू

आता वहीचे दुसरे पान. रॉबर्ट्सच्या पदकांतील ॲबिसिनियाचे पदक घ्या. 1867-68 साली आफ्रिकेतील त्या राज्यावर ब्रिटनने मोहीम काढली, तिचे कारण ब्रिटनचे, मानापमान ब्रिटनचा. पण सैन्य मुंबई बंदरातून निघाले आणि त्यातील हिंदी फौजांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून चालू राहिला. अफगाण युद्धाचे पदक घ्या. 1878 ते 1880 च्या त्या युद्धाच्या खर्चाचा सरकारी अंदाज इतका चुकला की प्रत्यक्ष बोजा मूळ आकड्याच्या दुपटीच्याही पुढे गेला आणि अर्थखाते सांभाळणाऱ्या सर जॉन स्ट्रॅची याला त्याच पायी पद सोडावे लागले. त्यांपैकी ब्रिटनच्या खजिन्याने पन्नास लाख पौंड उचलले. बाकीचा भार हिंदी रयतेवर राहिला. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळातून दख्खन व मद्रास नुकतेच बाहेर पडत होते. पुढच्या दुष्काळांची तजवीज म्हणून नवे कर बसवले होते, त्यांचा पैसा सरहद्दीकडे वळला अशी तक्रार त्या वेळच्या हिंदी पत्रांनी उघडपणे केली.

1885 च्या नोव्हेंबरात रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि 1893 पर्यंत त्या पदावर राहिला. रशियाची स्वारी वायव्येकडून येणार, हे त्याच्या लष्करी विचाराचे सूत्र होते. 1885 च्या सुमारास हिंदुस्थानातील सैन्यात सुमारे तीस हजारांची भर घालण्याचे ठरले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याने लष्करी खर्चाची ही वाढ अनावश्यक असल्याचा ठराव केला. राष्ट्रीय चळवळीच्या पहिल्याच बैठकीत हा विषय आला, कारण लष्करी खर्च हा हिंदी दारिद्र्याच्या प्रश्नाचा गाभा आहे हे त्या पिढीने ओळखले होते.

हा पैसा आला कोठून? 1886 साली प्राप्तिकर आला; तो मध्यमवर्गाच्या डोळ्यांत खुपला. परंतु 1888 च्या जानेवारीत मिठावरील कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला, तो प्रत्येक चुलीपर्यंत गेला. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, आणि मण म्हणजे चाळीस शेर. शेरभर मिठाला एक आणा निव्वळ कर. गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत राबणारा मजूर पेज आणि मीठ यांवर दिवस काढी. त्याच्या जेवणात दुसरे काही नसले तरी मीठ लागेच, किंबहुना दुसरे काही नसल्यामुळेच ते अधिक लागे. जमीनदाराला आणि मजुराला जवळपास सारखाच द्यावा लागणारा हा कर होता. तो पुन्हा दोन रुपयांवर आला 1903 साली, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर कोरडे ओढल्यानंतर.

यात विनिमयाच्या दराची भर पडली. इंग्रज अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने आणि ब्रिटनमधील इतर देणी पौंडांत भागवावी लागत. 1870 च्या सुमारास रुपया दोन शिलिंगांच्या जवळपास होता. चांदीचा भाव घसरत गेला आणि 1892-93 मध्ये तो सव्वा शिलिंगावर आला. म्हणजे विलायतेत राहणाऱ्या अधिकाऱ्याला शंभर पौंड द्यायला पूर्वी हिंदी तिजोरीतून हजार रुपये निघत, ते आता सोळाशे निघू लागले. अधिकाऱ्याला एक पैही जास्त मिळाली नाही, पण रयतेकडून सहाशे रुपये अधिक गेले. दादाभाई नौरोजींनी ज्या आर्थिक शोषणाची आयुष्यभर मांडणी केली, त्याचा हा अगदी साधा हिशेब आहे. एखाद्या अधिकाऱ्याच्या पदकांच्या रांगेखाली ही बेरीज लिहिलेली नसते, म्हणून ती मुद्दाम लिहावी लागते.

‘लढाऊ जाती’चा सिद्धांत

पैशापेक्षाही खोल गेलेली एक इजा आहे. 1881 ते 1885 रॉबर्ट्स मद्रास सैन्याचा सेनापती होता. नागपूरजवळची कामठी छावणीही याच मद्रास सैन्याच्या व्यवस्थेतली. 1897 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फॉर्टी-वन इयर्स इन इंडिया’ या आत्मचरित्रात त्याने त्या काळाचा निष्कर्ष स्पष्ट लिहिला आहे: दीर्घ शांततेमुळे मद्रासी शिपायातील लढाऊ वृत्ती मेली आहे, मुंबई इलाख्यातील मराठ्याची आणि हिंदुस्थानी शिपायाचीही तीच गत आहे, आणि अशा लोकांना खऱ्या लढाऊ वंशांसमोर उभे करणे सुरक्षित नाही. वायव्येकडील पंजाबी, पठाण आणि उत्तरेकडील गुरखा हे लढाऊ, बाकीचे नव्हेत. सरसेनापतीच्या लेखणीतून उतरलेला हा समज हळूहळू भरतीचे धोरण बनला.

त्याचा सर्वांत कठोर फटका महार समाजाला बसला. मुंबई सैन्यात महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांच्या नावांत ‘नाक’ प्रत्ययाची नावे स्तंभावर आजही वाचता येतात. पलटणीत पगार होता, निवृत्तिवेतन होते आणि पलटणीची शाळा होती. गावाने ज्याला शाळेच्या ओट्यावर चढू दिले नाही, त्याच्या मुलाला ही शाळा शिकवत होती. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत झाला तो या परंपरेत. त्याच्या एक-दोन वर्षांतच महारांची भरती थांबली. जातीने अस्पृश्य ठरवलेल्यांना साम्राज्याने आता ‘अलढाऊ’ ही दुसरी जात लावली. सवर्ण हिंदू आणि इंग्रज सेनापती यांचे इतके पूर्ण एकमत दुसऱ्या कोणत्या प्रश्नावर झाले असेल, हे सांगणे कठीण आहे.

हे निमूटपणे सोसले गेले नाही, हीदेखील नोंद हवी. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीत ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन करून 1894 च्या सुमारास भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच 1921 साली मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर, 1941 च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंट उभी राहिली. तिची पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी नागपूरशेजारच्या कामठीला. ज्या कामठीची छावणी ‘लढाऊ वृत्ती मेलेल्या’ सैन्याची म्हणून ओळखली गेली, तेथेच ही पलटण उभी राहावी, यात इतिहासाचे उत्तर आहे. 1954 साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा आजच्या गोंदियाच्या खेड्यांतही त्यांचा प्रचार झाला. ते हरले, त्याच द्विसदस्य मतदारसंघातून सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. समाजवादी कार्यकर्त्यांनी आपल्या विजयाबरोबर तो पराभवही लक्षात ठेवला पाहिजे.

आणि सिद्धांताचे काय झाले? मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यापर्यंत लढलेल्या 117 व्या मराठा पलटणीला 1921 साली ‘रॉयल’ हा किताब देण्याची पाळी ब्रिटिश सरकारवर आली. 1944 साली इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी आणि 1945 साली इटलीतच शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. ज्या मातीत शौर्य मेले असा निर्वाळा रॉबर्ट्सने दिला होता, त्याच मातीतली ही माणसे. मुळात शौर्य कोणत्याही वंशाच्या रक्तात नसते. ते शिक्षणात, संघटनेत, आणि आपण कशासाठी लढतो आहोत या जाणिवेत असते.

तोफखान्याबाबत तर अविश्वास अधिकच नागडा होता. 1857 नंतर डोंगरी तोफांच्या मोजक्या तुकड्या सोडून तोफा हिंदी हातांतून काढून घेतल्या गेल्या. बंदूक हिंदी खांद्यावर चालेल, तोफ नाही, हा नियम पाऊणशे वर्षे टिकला. मैदानी तोफखान्याची पहिली हिंदी तुकडी बंगळुरास उभी राहिली ती 15 जानेवारी 1935 रोजी. पुढे अवघ्या दहा वर्षांत, डिसेंबर 1944 मध्ये, ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात हरियाणाचे हवालदार उमराव सिंह यांनी आपली तोफ वाचवण्यासाठी दारूगोळा संपल्यावर लोखंडी दांड्याने झुंज दिली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. रॉबर्ट्सला त्याच्या अखेरच्या युद्धाबद्दल एक लाख पौंड मिळाले होते. उमराव सिंहांना या सन्मानापोटी वर्षाला 168 पौंड मिळत, आणि ती रक्कम दशकानुदशके तशीच राहिली. 1995 साली लंडनमध्ये त्यांनी स्वतः ब्रिटिश पंतप्रधानांच्या कानावर घातल्यानंतर ती वाढली. शौर्य तेच, तोफखानाही तोच. फरक होता तो मोल ठरवणाऱ्या हातात.

आजचा हिशेब

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की सैनिकाच्या पदकात जात आणि अर्थकारण आणणे हे शौर्याचा उपमर्द करणे आहे. परंतु उपमर्द कोणी केला? ज्याने एकाचे नाव कोरले आणि दुसऱ्याचे गाळले त्याने, की गाळलेले नाव विचारणाऱ्याने? दुसरा आक्षेप याच्या उलट आहे: परकीयांचा हा सगळा इतिहास आता फेकून द्यावा. तोही मान्य होण्यासारखा नाही. त्या पदकांच्या मागे लाखो हिंदी माणसांचे श्रम व रक्त आहे. रॉबर्ट्सला फेकताना त्या निनावी स्वारालाही फेकून दिले जाईल. रॉबर्ट्स स्वतः 14 नोव्हेंबर 1914 रोजी फ्रान्समध्ये सेंट ओमेर येथे वारला, तो हिंदी फौजांच्या भेटीला गेला असताना. त्याच्या दोनच आठवडे आधी बेल्जियममध्ये शिपाई खुदादाद खान यांनी हिंदी सैनिकाचा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. हे दोन्ही मृत्यू-सन्मान एकत्र वाचले तरच इतिहास पुरा होतो.

प्रजासत्ताकाने या बाबतीत चांगले नियम केले. घटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले, लष्करी व शैक्षणिक सन्मान तेवढे ठेवले. परमवीर चक्र हुद्दा न पाहता दिले जाते. तरीही सन्मानाच्या व्यासपीठाखाली कोण राबतो हा प्रश्न संपलेला नाही, आणि तो विदर्भाला फार जवळचा आहे. भारतीय तोफेच्या गोळ्याचे कवच नागपूरच्या अंबाझरीत घडते, दारू भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत तयार होते, गोळे भद्रावतीच्या चांदा निर्माणीत भरले जातात. ऑक्टोबर 2021 मध्ये या निर्माण्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या. भंडाऱ्याची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. त्याआधी दोन महिने संसदेने संरक्षण उत्पादनातील संप बेकायदा ठरवू शकणारा कायदा केला होता. त्याची मुदत मर्यादित होती, परंतु कंपनीकरणाच्या ऐन वेळी कामगारांचे तोंड बंद करण्यास ती पुरेशी होती. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत भीषण स्फोट झाला आणि आठ कामगार प्राणास मुकले. सीमेवर धडाडणाऱ्या तोफेची दारू भरताना मेलेला माणूस युद्धात मेला की नाही, याचे उत्तर आपल्या सन्मानांच्या नियमांत नाही.

तीच गोष्ट जून 2022 पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेची. चार वर्षांची नोकरी. जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. बाकीच्यांना ठरावीक रक्कम आणि निरोप, निवृत्तिवेतन नाही. 10 ऑक्टोबर 2024 रोजी नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्रात सरावाच्या वेळी गोळा फुटून दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले. अशा मृत्यूनंतर विमा व सानुग्रह रक्कम मिळते, परंतु नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. एकाच तोफेपाशी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या मरणाची दोन मोले! चांदीचे पदक आणि काशाचे पदक यांतील भेद याहून फारसा निराळा नव्हता. सरकार म्हणते की निवृत्तिवेतनाचा बोजा वाढत चालला आहे. बोजा आहे, हे कोणीही अर्थशास्त्र शिकलेला माणूस मान्य करील. परंतु तो कमी करण्याची सुरुवात नेहमी रांगेच्या शेवटच्या माणसापासूनच का होते, हा प्रश्न 1888 सालच्या मिठाच्या करालाही विचारता आला असता. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातील तरुणाला गावात वर्षभराचे काम नाही. भातगिरणी, विडी आणि स्थलांतर याखेरीज जे एक स्थिर दार त्याला दिसत होते, तेही चार वर्षांचे झाले आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत आणि त्या या जिल्ह्यातून उठल्या पाहिजेत. तोफगोळ्याच्या कामात मेलेल्या प्रत्येक कामगाराचे नाव, कंत्राटी असो वा कायम, निर्माणीच्या दाराशी आणि सरकारच्या नोंदीत कोरले जावे. कर्तव्यावर मरण आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबाइतकेच निवृत्तिवेतन मिळावे. पायदळातील काही रेजिमेंटमध्ये आजही ठरावीक समाजांतूनच भरती होते. रॉबर्ट्सच्या सिद्धांताचा हा उरलेला अवशेष आहे, त्याचा फेरविचार व्हावा. आणि गोंदियाच्या शाळांत कामठ्याचा चिमणा पटेल व कामठीची महार पलटण हे दोन्ही धडे एकत्र शिकवले जावेत.

या मागण्या मोर्च्याच्या घोषणेत बसण्याइतक्या लहान आहेत, पण त्यांच्यासाठी गावोगाव यादी करावी लागेल: कोणत्या घरातला माणूस निर्माणीत गेला, कोणत्या घरातला पलटणीत, कोण परत आला आणि कोणाच्या विधवेला काय मिळाले. रॉबर्ट्सची पदके मोजून ठेवणारे लोक जगात पुष्कळ आहेत. ही दुसरी यादी सरकार करणार नाही; ती कार्यकर्त्यांनाच करावी लागेल, आणि ती या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावी.